टर्बो इंजिनाच्या पोटातले धातू

जुन्या हैदराबादच्या पलीकडे कांचनबाग आहे. रस्त्याने जाणाऱ्याला तिथे लांबच लांब कुंपणे, फाटके आणि पहारे दिसतात. आत मात्र देशातले अत्यंत अवघड धातुकाम चालते. 1963 मध्ये हैदराबादेत सुरू झालेली संरक्षण धातुकी संशोधन प्रयोगशाळा, म्हणजे डीएमआरएल, इथे आहे. 1973 मध्ये स्थापन झालेला मिश्र धातु निगम, ज्याला सगळे मिधानी म्हणतात, तोही इथेच. इस्रोच्या अग्निबाणांच्या मोटरची कवचे ज्या मॅरेजिंग पोलादाची होतात ते पोलाद आणि विमानाच्या इंजिनांना लागणारे निकेलचे महामिश्रधातू या परिसरात तयार होतात. एप्रिल 2021 मध्ये डीआरडीओने जाहीर केले की डीएमआरएलने हेलिकॉप्टरच्या इंजिनासाठी एकस्फटिकी टर्बाइन पाती घडवली असून त्यांतली 60 पाती हिंदुस्थान एअरोनॉटिक्सकडे दिली आहेत.

मोटारीच्या टर्बो इंजिनात कोणते पिस्टन, कोणते रॉड, कोणते बेअरिंग घालावे हा प्रश्न कांचनबागपासून सुरू करायला सबळ कारण आहे. तिथला आणि गॅरेजमधला प्रश्न मुळात एकच आहे: लालबुंद वायू, प्रचंड दाब आणि कोट्यवधी फेरे यांच्यात धातू किती काळ तग धरील? विमानाच्या बाबतीत त्याचे उत्तर शोधायला शास्त्रज्ञांची अख्खी पिढी लागते. मोटारीच्या बाबतीत मात्र ते पुष्कळदा दुकानाच्या काउंटरवर, खोक्यावरचे नाव वाचून दिले जाते आणि इंजिने फुटतात ती यामुळेच.

टर्बोचार्जरची कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे. स्वित्झर्लंडमधल्या आल्फ्रेड ब्यूखी या अभियंत्याने 1905 मध्ये तिचे पेटंट घेतले. इंजिनात जाळलेल्या इंधनाच्या ऊर्जेचा साधारण तिसरा हिस्सा धुराड्यातून वाया जातो. त्या गरम वायूने एक चक्र फिरवायचे, त्याच दांड्यावर दुसरे चक्र बसवून त्याने ताजी हवा दाबून इंजिनात कोंबायची, एवढीच ही कल्पना. जास्त हवा आली की जास्त इंधन जळते आणि त्याच आकाराच्या इंजिनातून कितीतरी जास्त ताकद निघते. मोटारीच्या इंजिनाला 100 अश्वशक्तीमागे मिनिटाला ढोबळमानाने साडेचार किलो हवा लागते. हवा वजनाने मोजायची सवय आपल्याला नसते, पण इंजिन बांधणाऱ्याला ती लावून घ्यावीच लागते.

आपल्याकडचेच उदाहरण घेऊ. पुण्याजवळ चाकणला तयार झालेली फोक्सवॅगन पोलो 2020 साली दोन पेट्रोल इंजिनांत मिळत होती. दोन्ही एक लिटरची, दोन्ही तीन सिलिंडरची, दोन्ही एकाच घराण्यातली. साध्या इंजिनाचा टॉर्क 95 न्यूटन-मीटर, तर टर्बोवाल्याचा 175. म्हणजे तेवढ्याच घनफळातून जवळजवळ दुप्पट पीळ. आता हा दुप्पट पीळ कुणाच्या अंगावर पडतो ते पाहू.

या टर्बो इंजिनाच्या सिलिंडरचा व्यास 74.5 मिलिमीटर आणि पिस्टनचा प्रवास 76.4 मिलिमीटर आहे. पिस्टनच्या माथ्याचे क्षेत्रफळ भरते सुमारे 44 चौरस सेंटिमीटर, म्हणजे तळहाताहूनही कमी. टर्बो इंजिनात स्फोटाच्या क्षणी 100 बारच्या आसपास दाब होणे नवलाचे नाही. तेवढ्या दाबाला या चिमुकल्या माथ्यावर साडेचार टनांच्या जवळपास भार येतो. भरलेल्या मध्यम ट्रकच्या एका धुऱ्यावर जेवढे वजन असते तेवढे हे झाले. आणि 6000 फेऱ्यांवर ते प्रत्येक पिस्टनवर सेकंदाला 50 वेळा येते.

एवढ्याने संपत नाही. पिस्टन वर जातो, क्षणभर थांबतो, उलटा फिरतो. 6000 फेऱ्यांवर त्याला वरच्या टोकाला थांबवून मागे खेचताना जो धक्का बसतो तो गुरुत्वाच्या सुमारे 1900 पट असतो. पिस्टन, पिन आणि रिंगा मिळून 300 ग्रॅम धरल्या तर त्या क्षणी त्यांचे ‘वजन’ 580 किलोच्या घरात जाते आणि ते पेलून धरतो तो खालचा कनेक्टिंग रॉड आणि त्याचे दोन बोल्ट.

माझ्या मते सगळी निवड समजते ती याच जागी. टर्बोचा दाब वाढवला की रॉड दाबला जातो, वाकायला बघतो. फेरे वाढवले की तोच रॉड ताणला जातो, तुटायला बघतो. शिवाय फेऱ्यांचा ताण वर्गाच्या प्रमाणात वाढतो: 6000 वरून 7200 वर गेलात तर फेरे वाढले पाचव्या हिश्शाने, ताण मात्र 44 टक्क्यांनी. म्हणून सुटे भाग घेण्याआधी कागदावर तीन गोष्टी लिहायच्या असतात: किती ताकद हवी, ती किती फेऱ्यांवर हवी आणि कोणत्या इंधनावर हवी. या तिन्हींची उत्तरे ठरली नसतील तर जगातला सर्वात महाग पिस्टनही आंधळेपणाने घेतलेला पिस्टन ठरतो.

यात चौथी गोष्ट हैदराबादकरांना आणि मराठवाडा-विदर्भातल्या वाचकांना विसरता येणार नाही, ती म्हणजे उन्हाळा. मे महिन्यात हैदराबादचा पारा 42 अंशांवर जातो. एवढी तापलेली हवा टर्बोने दुप्पट दाबाला नेली, तर कॉम्प्रेसरची कार्यक्षमता 70 टक्के धरून ती बाहेर पडते सुमारे 140 अंशांना. महाबळेश्वरची 20 अंशांची हवा असती तर हाच आकडा 110 च्या आसपास राहिला असता. त्यात शहर समुद्रसपाटीपासून पाचशेहून अधिक मीटर उंचावर. हवा मुळात थोडी विरळ, म्हणून तेवढाच दाब गाठायला टर्बोला आणखी जोराने फिरावे लागते. इंटरकूलर ही उष्णता बरीच काढून घेतो, पण गाडी तापलेल्या डांबरावर सिग्नलला उभी राहिली की तोही हतबल होतो.

उष्णतेतून जन्मतो इंजिनाचा खरा शत्रू: नॉकिंग. ठिणगी पडल्यावर ज्योत शांतपणे पसरत जावी अशी अपेक्षा असते. पण हवा-इंधनाचे मिश्रण आधीच फार तापलेले असेल तर ज्योत पोचण्यापूर्वीच कोपऱ्यातला वायू आपोआप भडकतो आणि दाबाच्या लाटा धातूवर आदळू लागतात. मेकॅनिक म्हणतात, इंजिन ठोकतेय. हे ठोके माथ्यावरचा संरक्षक वायूचा थर उडवून लावतात, पिस्टनचे तापमान झरझर चढते आणि रिंगांमधली धातूची पातळ भिंत मोडते. उघडून पाहिलेल्या फुटक्या टर्बो इंजिनांत हीच भिंत वारंवार मोडलेली आढळते.

या शत्रूची ओळख मोटारजगताला पहिल्याच फेरीत झाली होती. 1962 मध्ये अमेरिकेत ओल्ड्समोबिल जेटफायर ही टर्बो बसवलेली पहिल्या काही उत्पादित मोटारींपैकी एक मोटार बाजारात आली. साडेतीन लिटरचे व्ही-8 इंजिन, 215 अश्वशक्ती, पण संपीडन गुणोत्तर 10.25, म्हणजे टर्बोसाठी त्या काळी भलतेच चढे. नॉकिंग आवरायला कंपनीने पाणी आणि मिथेनॉल यांचे मिश्रण फवारायची सोय केली आणि त्यासाठी वेगळी टाकी दिली. मालक ती टाकी भरायला विसरत. ती रिकामी झाली की इंजिनाचा जोर आपोआप कमी होई, तक्रारी येत आणि शेवटी कित्येक गाड्यांचे टर्बो काढून टाकले गेले. दोन वर्षांत हे मॉडेल बंद पडले. ज्या इंजिनाचा टिकाऊपणा मालकाच्या स्मरणशक्तीवर अवलंबून आहे ते टिकाऊ म्हणता येत नाही, हे अभियंत्यांनी तेव्हा शिकून घेतले. आजची इंजिने थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारतात. त्याच्या बाष्पीभवनाने आतली हवा थंडावते, म्हणून चाकणच्या त्या टर्बो इंजिनाला 10.5 चे गुणोत्तर सहज पेलते. जुन्या पद्धतीच्या इंजिनाला टर्बो लावायचा असेल तर मात्र साडेआठ ते साडेनऊच्या दरम्यान उतरणेच शहाणपणाचे, कारण आपल्याकडच्या साध्या पेट्रोलच्या ऑक्टेनवर फार भिस्त ठेवता येत नाही.

आता पिस्टन. साध्या गाड्यांतले पिस्टन ओतीव असतात. अॅल्युमिनियममध्ये सिलिकॉन भरपूर घातलेले. सिलिकॉनने धातू कमी फुगतो आणि कमी झिजतो, म्हणून तो सिलिंडरमध्ये घट्ट बसवता येतो, थंड इंजिनही आवाज न करता चालते. पण तोच धातू ठिसूळ असतो. नॉकिंगचा ठोका बसला की वाकण्याऐवजी तुकडा पडतो. त्यापेक्षा मजबूत ते घडीव पिस्टन. त्यांत दोन मिश्रधातू प्रामुख्याने चालतात. 4032 मध्ये सिलिकॉन 12 टक्क्यांच्या आसपास, 2618 मध्ये नावापुरता. 2618 चा पिस्टन मार खाऊन वाकतो पण चटकन फुटत नाही. किंमत म्हणून तो तापल्यावर जास्त फुगतो, त्यामुळे त्याला मोकळी जागा जास्त ठेवावी लागते. 75 मिलिमीटरच्या सिलिंडरला 4032 साठी साधारण 0.05 मिलिमीटर पुरतात, 2618 साठी 0.08 किंवा त्याहून अधिक लागतात. थंड इंजिनात हा पिस्टन खडखडतो आणि तेलही थोडे जास्त पितो.

या 2618 ची कुळकथा थक्क करणारी आहे. रोल्स-रॉइसने विमानांच्या इंजिनांतल्या तापणाऱ्या भागांसाठी विकसित केलेल्या आरआर-58 या मिश्रधातूचाच तो भाऊबंद आहे. पुढे कॉन्कॉर्डची कातडी कशाची करायची हा प्रश्न आला. ध्वनीच्या दुप्पट वेगाने उडताना हवेच्या घर्षणाने विमानाचे पत्रे शंभर अंशांपलीकडे तापणार होते. तेव्हा अभियंत्यांनी निवडला तो हाच धातू, कारण तापलेल्या अवस्थेत वर्षानुवर्षे ताण सोसायची त्याची क्षमता आधीच सिद्ध झाली होती.

मग रोजच्या गाडीत कोणता घालावा? माझे मत स्पष्ट आहे. ऑफिसला जाणाऱ्या, मधूनच घाटात किंवा ट्रॅकवर जाणाऱ्या गाडीला 4032 पुरेसा. सतत चढा दाब, शर्यत, आणि नॉकिंगची शक्यता गृहीतच धरलेली असेल तर 2618. घडीव आहे म्हणून टिकाऊ, असे सरसकट म्हणणे चूक. कारखान्याच्या ताकदीच्या जवळपासच राहणाऱ्या इंजिनाला कारखान्याचाच पिस्टन अनेकदा जास्त वर्षे साथ देतो.

पिस्टनपेक्षाही मी जास्त वेळ रिंगांवर घालवीन. पिस्टनच्या माथ्यात शिरलेली बरीचशी उष्णता रिंगांमधूनच सिलिंडरच्या भिंतीत आणि तिथून पाण्यात जाते. रिंग ही पूर्ण वर्तुळ नसते, तिला एक फट असते. इंजिन तापले की रिंग लांबीने वाढते आणि फट मिटत येते. टर्बो इंजिनात उष्णता जास्त, म्हणून वाढही जास्त. फट पुरी मिटली आणि दोन्ही टोके एकमेकांना भिडली, तर रिंगेला वाढायला जागा उरत नाही. ती सिलिंडर खरवडते आणि पिस्टनची भिंत उखडून काढते. साध्या इंजिनात व्यासाच्या हजारी चार भाग फट ठेवतात, टर्बोला साडेपाचच्या आसपास. 74.5 च्या सिलिंडरला हिशेब येतो 0.30 विरुद्ध 0.41 मिलिमीटर. फरक एकदोन केसांच्या जाडीएवढाच, पण इंजिनाचे आयुष्य त्यात मावते.

हे काम करताना पाहण्यासारखे असते. कारागीर रिंग दाबून सिलिंडरमध्ये सोडतो. उलटा पिस्टन वरून अलगद ढकलून ती सरळ बसवतो, कारण तिरकी रिंग खोटे माप देते. मग फिलर गेजच्या पात्या एकामागून एक फटीत सरकवतो. 0.30 ची पाती सैल जाते, 0.35 ची घसटत जाते. रिंग बाहेर काढून छोट्या हातचक्कीवर तिचे एकच टोक घासतो, तेही बाहेरच्या कडेकडून आतल्या बाजूला, नाहीतर कडेवरचा कठीण लेप उडतो. दोनचार फिरक्या, बारीक दगडाने कडेची कीस काढणे, पुन्हा सिलिंडरमध्ये, पुन्हा गेज. प्रत्येक रिंग ज्या सिलिंडरमध्ये मोजली तिथेच बसवायची, म्हणून तिची पुडी आणि नंबर वेगळा. तीन सिलिंडरच्या सहा रिंगांना अख्खी दुपार जाते आणि ती गेलीच पाहिजे.

रॉडकडे येऊ. आजच्या पुष्कळ गाड्यांत धातूची भुकटी दाबून-घडवून केलेले रॉड असतात. त्यांचे खालचे तोंड मुद्दाम तडकवून दोन भाग करतात, म्हणजे ते दोन भाग एकमेकांत अचूक बसतात. कारखान्याच्या ताकदीला ते उत्तम असतात. ताकद दीडपट-दुप्पट करायची ठरली की घडीव पोलादाचे रॉड लागतात. त्याचे जगभरचे नाव 4340; आपल्याकडच्या लेथवाल्याला तेच ईएन-24 म्हणून माहीत आहे. निकेल, क्रोमियम आणि मॉलिब्डेनम घातलेले हे पोलाद पाणी देऊन कठीणही होते आणि चिवटही राहते. हैदराबादच्या बालानगरमधल्या किंवा पुण्याच्या भोसरीतल्या कोणत्याही वर्कशॉपला हा धातू नवा नाही.

पण नाव तेच असले तरी पोलाद तेच नसते. रॉड तुटतो तो एका फटक्यात क्वचित. बहुधा आत कुठेतरी मळीचा सूक्ष्म कण असतो, त्याच्या कडेला केसासारखी चीर पडते आणि दर फेऱ्याला ती किंचित पुढे सरकते. 6000 फेऱ्यांवर एक कोटी फेरे पूर्ण व्हायला 28 तास पुरतात. मिधानीसारख्या कारखान्यात पोलाद निर्वात भट्टीत वितळवतात आणि पुन्हा एकदा निर्वात विजेच्या कमानीखाली वितळवून घट्ट करतात ते एवढ्याचसाठी, की वायू आणि मळी निघून जावी. उत्तम रॉडची किंमत त्या शुद्धतेची असते. स्वस्तातल्या नकलेवरही 4340 हाच आकडा कोरलेला असतो, आतला मळ मात्र दिसत नाही.

पोलादाच्या शुद्धतेचा हा ध्यास या मातीला परका नाही. निजामाबाद जिल्ह्यातल्या कोनासमुद्रमला मुशीत वितळवलेले पोलाद शतकानुशतके तयार होत होते. इराणी व्यापारी ते न्यायला दक्खनमध्ये येत आणि दमास्कसच्या तलवारींची कीर्ती अशाच पोलादावर उभी होती. वूट्झ या नावाने युरोपात गेलेल्या या पोलादावर 1819 च्या सुमारास मायकेल फॅरेडेने प्रयोग केले. बंद मुशीत वितळवल्याने त्यातली मळी वर तरंगून वेगळी होई. आजच्या निर्वात भट्टीमागचा हेतू तोच आहे.

रॉडपेक्षाही रॉडचे बोल्ट निर्णायक. बोल्ट म्हणजे फार कडक स्प्रिंग; तो ठरावीक लांबीने ताणला गेला तरच रॉडची दोन तोंडे एकत्र धरून ठेवतो. टॉर्क पान्याचा आकडा तेलावर आणि आट्यांच्या खरबरीतपणावर बदलतो, म्हणून चांगला कारागीर बोल्टची लांबी आवळण्यापूर्वी आणि आवळल्यावर मोजतो. बोल्टच्या उत्पादकाने दिलेली वाढ आली की थांबतो. हे मोजायचे गेज ज्या वर्कशॉपमध्ये नाही तिथे टर्बो इंजिनाचे रॉड बसवू नयेत.

क्रँकबद्दल थोडक्यात सांगतो. पुष्कळ टर्बो इंजिनांना कारखान्यातूनच घडीव क्रँक मिळतो. 1961 मध्ये नीलकंठराव कल्याणी यांनी पुण्यात स्थापन केलेली भारत फोर्ज ही तर घडीव क्रँकसाठी जगभर ओळखली जाते. घडवताना धातूचे तंतू वळणांच्या बाजूने वाहत जातात आणि पीळ सोसायचे बळ वाढते. क्रँकला तडा नाही याची चुंबकीय तपासणी करावी, जर्नल मोजावेत, तोल साधून घ्यावा आणि पैसे वाचवावेत. नव्या क्रँकवर खर्च करण्याची गरज क्वचितच पडते.

क्रँक आणि रॉड यांच्यामधली बेअरिंगची शेल मात्र आवर्जून नवी. इथे धातूला धातू लागतच नाही. मधे तेलाचा पातळ थर असतो आणि सारा भार तोच वाहतो. 50 मिलिमीटरच्या जर्नलला साधारण 0.05 मिलिमीटर फट ठेवतात. ती मोजायची एक सुरेख युक्ती आहे. मऊ प्लास्टिकचा बारीक धागा जर्नलवर आडवा ठेवतात, कॅप ठरल्या टॉर्कला आवळतात, क्रँक अजिबात न फिरवता पुन्हा उघडतात. धागा चेपून चपटा झालेला असतो. त्याची रुंदी पाकिटावर छापलेल्या पट्टीशी ताडून पाहिली की फट कळते. धागा एका टोकाला रुंद आणि दुसऱ्या टोकाला अरुंद निघाला, तर जर्नल निमुळता झिजला आहे, हेही तोच सांगतो.

तेल हाही मी इंजिनाचा आतला भागच मानतो. लहान, थेट फवाऱ्याच्या टर्बो इंजिनांत कमी फेऱ्यांवर जोर मागितला की ठिणगीआधीच पेट घेण्याचा एक घातक प्रकार घडतो आणि त्यात तेलातल्या कॅल्शियमयुक्त घटकांचा वाटा असल्याचे संशोधनातून दिसले. त्यानंतर आलेल्या एपीआय एसपी दर्जाच्या तेलांची या दोषासाठी वेगळी चाचणी होते. डब्यावर ही दोन अक्षरे पाहून घ्यावीत.

सिलिंडर ब्लॉकचे एक रहस्य फार थोड्यांना ठाऊक असते. हेडचे बोल्ट आवळले की ब्लॉक किंचित पिळवटतो आणि सिलिंडर गोल राहत नाही. सुट्या ब्लॉकला कितीही सुबक होनिंग केले तरी हेड बसताच तो पुन्हा वेडावाकडा होतो. म्हणून जाणते लोक हेडच्या जागी जाड पोलादी पाट बोल्टने आवळतात आणि त्या ताणलेल्या अवस्थेतच होनिंग करतात. हेड गॅस्केट बहुपदरी पोलादी घ्यावे, पण त्यासाठी हेड आणि ब्लॉकचे पृष्ठभाग आरशासारखे सपाट लागतात. खडबडीत पृष्ठभागावर सर्वोत्तम गॅस्केटही उडते.

शेवटी सर्वात तप्त टोक. पेट्रोल टर्बोच्या टर्बाइनवर पोचणारा वायू साडेनऊशे ते हजार अंशांचा असतो. एक्झॉस्ट व्हॉल्व्हला त्यामुळे खास पोलाद किंवा निकेलचे मिश्रधातू लागतात. काहींच्या पोकळ दांड्यात सोडियम भरतात, ते वितळून वरखाली हिंदकळते आणि माथ्याची उष्णता दांड्याकडे वाहून नेते. टर्बाइनचे चक्र तर लहान गाडीत मिनिटाला दोन लाखांहून अधिक फेरे घेते. ते होते निकेलच्या महामिश्रधातूचे, मेण वितळवून काढण्याच्या ओतकामाने. आधी मेणाचे चक्र, त्यावर चिनीमातीचा थरावर थर, मग मेण वितळवून पोकळीत धातू. मराठी कानाला ओळखीच्या आदिलाबाद जिल्ह्यातले ओझा कारागीर ढोकरा मूर्ती ओततात ते याच मार्गाने. डीएमआरएलच्या पात्यांत याचीच पुढची पायरी आहे: साचा भट्टीतून अतिशय सावकाश खाली काढतात, तळाशी एका वळणदार नळीतून एकच स्फटिक वर जाऊ देतात आणि सबंध पाते एकाच स्फटिकाचे होते. स्फटिकांमधल्या सीमाच न उरल्याने उष्णतेत तिथून सरकण्याचा धोका राहत नाही. मोटारीला एवढे लागत नाही. तिच्या चक्राला स्वच्छ तेल आणि जोरात पळवल्यावर मिनिटभर संथ चालवून थंड होऊ देणे, एवढे पुरते.

टिकाऊपणा बाजूला ठेवला तर धातू कुठवर जातो हेही जगाने पाहिले आहे. बीएमडब्ल्यूने दीड लिटरचे चार सिलिंडरी टर्बो इंजिन फॉर्म्युला वनसाठी बांधले, तेही रस्त्यावरच्या गाडीच्या लोखंडी ब्लॉकवर. 1983 मध्ये नेल्सन पिके त्यावर विश्वविजेता झाला. टर्बो इंजिनावर मिळालेले ते पहिले विजेतेपद. 1986 च्या पात्रता फेऱ्यांत त्याची ताकद 1300 अश्वशक्तीपलीकडे गेल्याचे मानले जाते आणि ती इंजिने मोजक्या फेऱ्यांपुरतीच जगत. आपल्या गाडीची परीक्षा वेगळी आहे. मे महिन्याच्या दुपारी, चार माणसे आणि सामान घेऊन, एसी लावून, राष्ट्रीय महामार्ग 65 ने हैदराबादहून सोलापूरमार्गे पुणे. किंवा हैदराबादचा 158 किलोमीटरचा बाह्य वळणरस्ता, जिथे 120 च्या मर्यादेत इंजिन तासभर एकसारखा भार ओढते. क्षणभराच्या जोरात तुटत नाही ते अशा सलग भारात उघडे पडते.

म्हणून खर्चाचा क्रम मी असा लावीन: सर्वात आधी चांगले मशीन शॉप आणि मोजमाप, मग रॉडचे बोल्ट आणि बेअरिंग, मग उष्णता काढणारे तेल-कूलर आणि इंटरकूलर, नंतर पिस्टन-रॉड आणि मोठा टर्बो सगळ्यात शेवटी. बहुतेक लोक नेमके उलटे करतात. कायद्याचाही विचार हवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार आणि जानेवारी 2019 मधल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार उत्पादकाच्या मूळ नोंदीपासून गाडी बदलण्यावर कडक बंधने आहेत. बदललेले इंजिन रस्त्यावर आणण्याआधी आरटीओत विचारावे. शर्यतीसाठीचे असेल तर ते ट्रॅकपुरतेच ठेवावे.

आणि इंजिन कुणाकडूनही बांधून घ्या, ते ताब्यात घेताना मोजमापाचा कागद मागा. प्रत्येक सिलिंडरचा व्यास, प्रत्येक रिंगची फट, प्रत्येक बेअरिंगची मोकळीक, प्रत्येक रॉड-बोल्टची वाढ आणि आवळण्याचे आकडे त्यावर लिहिलेले असले पाहिजेत. जो कारागीर तो कागद देऊ शकत नाही, त्याला इंजिन देऊ नका.